पाव फेरा

आमच्या घरात भांडणं फारशी होत नाहीत, कारण एक झालं की ते पंधरा दिवस पुरतं. आरडाओरडा कोणी करत नाही. नुसता अबोला. सासऱ्यांपासून ही रीत आहे आणि मी सून असून ती घरच्या लेकींपेक्षा चांगली उचलली, असं सासूबाई म्हणायच्या. त्या कौतुकाने म्हणायच्या की टोमणा मारायच्या, हे मला अजून कळलेलं नाही.

गॅरेज सासऱ्यांनी काढलेलं. थोरला मुलगा शाळेत मास्तर झाला. तोच माझा नवरा. मास्तरांना स्क्रू आणि खिळा यांतला फरक आजही विचारून सांगावा लागतो. म्हणून सासऱ्यांच्या हाताखाली पाना धरला तो मी आणि माझ्या धाकट्या दिराने. सासरे गेले, तरी आम्ही दोघं एकवीस वर्षं एकाच बॉनेटखाली डोकं घालून काम करतोय. भाऊजींचा हात बरा आहे. तोंड मात्र कधी सुटेल याचा नेम नाही.

त्या आठवड्यात ते सुटलं. एका गिऱ्हाइकासमोर ते मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही सरका जरा. इथे जोर लागतो."

जोर! एकवीस वर्षांत मी किती इंजिनं उतरवली आणि चढवली, याचा हिशेब द्यायला मी तोंड उघडलं नाही. पाना फडक्याने पुसला, त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि निघून गेले. तिथून अबोला सुरू. बुधवारपासून आमच्यात एक शब्द नाही. ते चहा आणून माझ्या बाजूला ठेवायचे, मी तो गार होऊ द्यायचे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि मी तर अजून जळलेही नव्हते.

आणि नेमकी त्याच बुधवारी संध्याकाळी आमची घरची गाडी धूर ओकत दारात आली.

मास्तर शाळेतून येत होते. रेडिएटरचा पाइप फाटला होता, पाणी गळत होतं, काटा लाल रेघेवर गेला होता. "मग थांबला का नाहीत?" मी विचारलं. "घर तर आलंच होतं," ते म्हणाले. दहा मिनिटं त्यांनी इंजिन तसंच तापत ठेवलं. मागच्या नळीतून पांढरा धूर, त्याला गोडसर वास. तेलाचं झाकण उघडलं तर आतून साय धरल्यासारखा पिवळट फेस. तेलात पाणी गेलं होतं. हेड गॅस्केट गेलं.

इंजिनाचे दोन भाग असतात. खाली ब्लॉक, वर हेड. दोन्हींच्या मध्ये पत्र्याची एक पातळ चकती असते, तेच गॅस्केट. आग, पाणी आणि तेल यांना एकमेकांपासून लांब ठेवायचं, एवढंच तिचं काम. इंजिन जास्त तापलं की हेड वाकतं, चकतीवरची पकड सुटते आणि तिघं एकमेकांत मिसळतात. तापू दिलं नाही, पाणी वेळेवर बदललं, पाइप बघितले, तर ही चकती माणसाच्या आयुष्याइतकी टिकते. हे मी मास्तरांना लग्नापासून सांगतेय.

घाई वेगळीच होती. शनिवारी आमच्या लेकीची प्रवेशपरीक्षा होती, घाटापलीकडच्या शहरात, सकाळी अकराला. वेळेवर पोचवेल अशी बस नव्हती. दोन वर्षं पोरीने त्या एका पेपरसाठी घातली होती. गाडी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उभी राहायलाच हवी होती.

काम आम्ही दोघांनी केलं, न बोलता. हेड उतरवलं, मशीनवर घासून सपाट करून आणलं, पट्टी आडवी लावून उजेडात बघितलं. ब्लॉकचा माथा मी हाताने साफ केला, बोल्टांच्या भोकांत हवा मारून पाणी काढलं. भोकात थेंबभर पाणी राहिलं तरी बोल्ट खोटा आवळला जातो. नवी चकती, नवे बोल्ट. या इंजिनाचे बोल्ट आवळताना ताणले जातात, म्हणून जुने पुन्हा वापरायचे नसतात. मी कशात म्हणून कसूर केली नाही. उलट भाऊजींना दिसावं म्हणून जास्तच काटेकोर केलं.

शुक्रवारी दुपारी बोल्ट आवळायला घेतले. एकूण दहा. मधल्यापासून सुरुवात करून बाहेरच्यांकडे जायचं, आधी हलका फेरा, मग ठरलेल्या जोराचा. तो झाला की मी प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. एवढ्यात पुढून हाका आल्या. कोणीतरी फाटकात ट्रक आडवा लावून गेला होता. ट्रकवाला शोधा, त्याच्याशी वाद घाला, ट्रक हलवा, यात तासभर गेला. परत आले तर इंजिनाचं वरचं झाकण बसलेलं आणि भाऊजी पाइप जोडत होते. मी म्हटलं, चला, उरलेलं त्यांनी केलेलं दिसतंय. म्हटलं, म्हणजे मनातल्या मनात. विचारलं असतं तर आधी बोलल्यासारखं झालं असतं.

संध्याकाळी मी गाडी गावातून चार वेळा फिरवून आणली. सुतासारखी चालली. धूर नाही, गळती नाही. मग मास्तरांना पुढच्या सीटवर बसवून मी धडा दिला. "हा काटा. हा अर्ध्याच्या वर सरकला की गाडी बाजूला घ्यायची आणि बंद करायची. खाली असेल तोवर काही काळजी नाही. कळलं?"

"अर्ध्याच्या वर, बाजूला. खाली, काळजी नाही," मास्तरांनी शाळेतल्या पोरासारखं म्हणून दाखवलं. लेक मागे बसून हसत होती.

शनिवारी सकाळी साडेसहाला दोघं निघाली. लेकीने माझ्या पाया पडून पेन्सिली मोजल्या. तिचा फोन घरीच ठेवला, कारण तिथे आत नेऊ देत नाहीत. मास्तर गाडी चालवताना फोन बंद ठेवतात. मला त्या सवयीचं नेहमी कौतुक वाटायचं.

आठला मी गॅरेज उघडलं. हत्यारं जागेवर लावायची म्हणून माझ्या खणाचं कुलूप काढलं. खणात वरच अंश मोजायची तबकडी होती.

या इंजिनाला बोल्ट नुसते जोराने आवळून भागत नाही. शेवटी प्रत्येक बोल्ट आणखी नव्वद अंश फिरवायचा असतो. पाव फेरा. खरी पकड त्या पाव फेऱ्यातून येते, त्याआधी असते ती अर्धीमुर्धी. हा पाव फेरा नजरेने देता येत नाही, त्यासाठी ही तबकडी पान्याला लावावी लागते. गॅरेजात ती एकच आहे. ती माझ्या खणात होती, खणाला कुलूप होतं आणि किल्ली गुरुवारपासून माझ्या कमरेला होती.

मी ती तबकडी हातात घेऊन उभी राहिले. मग स्टूल ओढून बसले.

भाऊजी कोपऱ्यात हात धूत होते. "भाऊजी," मी म्हणाले. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. "शेवटचा फेरा कशाने दिलात?"

ते वळले. मी बोलले याचाच त्यांना आधी आनंद झालेला दिसला. "कसला फेरा, वहिनी?"

"पाव फेरा. नव्वद अंश. बोल्टांना."

"तुम्ही दिला ना. ठिपके होते की दहाच्या दहा बोल्टांवर. म्हणून तर मी झाकण लावलं."

"ठिपका म्हणजे जोराचा फेरा झाला. पाव फेरा दिला की मी ठिपक्यावरून रेघ ओढते."

"बाबांचा ठिपका म्हणजे काम संपलं," भाऊजी म्हणाले. आणि म्हणता म्हणताच त्यांना कळलं.

सासऱ्यांच्या काळच्या इंजिनांना पाव फेरा नव्हताच. भाऊजी त्यांच्याकडून शिकले तेच धरून चालले, मी नंतर माझी रेघ वाढवली. इतक्या वर्षांत हे आमच्या लक्षात आलं नाही, कारण "झालं का?" "हो, झालं" एवढं आम्ही प्रत्येक इंजिनावर बोलायचो. ठिपक्यांवर काम सोडायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

मास्तरांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. भाऊजींनी दुरुस्तीला आलेल्या एका गिऱ्हाइकाच्या पिकअपची किल्ली घेतली. मी पाण्याचे दोन कॅन मागे टाकले आणि आत बसले.

घाट सुरू व्हायला सव्वा तास लागतो. त्यांना निघून दीड तास होऊन गेला होता. ती दोघं चढावरच असणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही ते बोलत नव्हतो.

"काल गावात नीट चालली ना?" भाऊजींनी विचारलं.

"सपाटीवर."

सपाटीवर इंजिनाला दम लागत नाही. चढावर प्रत्येक स्फोट हेडला खालून धक्का मारतो. बोल्ट अर्धवट धरलेले. हेड केसभर उचललं जाणार, आगीचा वायू पाण्याच्या वाटेत घुसणार, पाणी बाहेर फेकलं जाणार. हे सगळं मला डोळ्यांपुढे दिसत होतं, कारण मी असली इंजिनं शेकड्याने उघडली आहेत. दुसऱ्यांची. तेव्हा मी गिऱ्हाइकाला ऐटीत समजावून सांगायचे.

"काटा वर जाईल, वहिनी. दादा थांबेल. तुम्ही बजावलंय त्याला."

"हो," मी म्हणाले. जरा धीर आला. काटा वर जाईल, मास्तर गाडी बाजूला घेतील. मास्तर सांगितलेलं ऐकतात. पेपर चुकेल, एवढंच ना? चुकू दे.

आणि मग आठवलं.

"काटा खाली येईल," मी म्हणाले.

"काय?"

"पाणी सगळं गेलं की खाली येईल. काट्याला माप देणारी बोंडी पाण्यात बुडालेली असते. पाणीच नाही तर ती कोरडी पडणार. इंजिन भट्टीसारखं तापलेलं असणार आणि काटा गार दाखवणार. आणि मी त्यांना काय सांगितलंय? खाली असेल तोवर काळजी नाही!"

भाऊजींनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. पिकअप खडखडायला लागला.

मास्तरांसाठी मला भीती नव्हती. भीती होती ती लेकीसाठी. मास्तर बॉनेट उघडून इंजिनाकडे बघत राहतील, लोक समुद्राकडे बघतात तसे. पण लेक गॅरेजात वाढलेली. पाणी भरायला ती सहावीपासून येते. वेळ जातोय, पेपर अकराला, काटा खाली, म्हणजे इंजिन गार. ती फडकं घेणार आणि रेडिएटरचं झाकण फिरवणार. आत कोंडलेली वाफ झाकण सुटताक्षणी कुठे येते, हे मी एकदा बघितलंय. शेजारच्या गॅरेजातला एक मेकॅनिक. त्याच्या चेहऱ्याकडे पुढे कधी मला नीट बघता आलं नाही.

"देवा, तिने झाकण उघडू नये," मी मोठ्याने म्हणाले. एकदा नाही, कितीतरी वेळा म्हणाले. भाऊजी रस्त्याकडे बघत होते आणि त्यांचे ओठही हलत होते.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर मला रस्त्यावर लालसर डाग दिसले. आमच्या गाडीत मी कूलंट मिसळलेलं लाल पाणी भरलं होतं. "थांबा," म्हणाले, उतरले, बोट लावून वास घेतला. गोड. मग पुढे डागच डाग, कुठे टपोरे, कुठे ओघळ. आम्ही त्यांच्या मागे मागे चढत राहिलो. दरीच्या बाजूला कठडा होता, पलीकडे नुसतं धुकं. प्रत्येक वळणावर मला वाटायचं, आता दिसेल. आणि दिसू नये, असंही वाटायचं.

मग डाग संपले.

"गळती थांबली," भाऊजी म्हणाले.

"पाणी संपलं," मी म्हणाले.

पुढे दोन वळणांवर गाडी होती. रस्त्याच्या कडेला, बॉनेट उघडं. आत कोणी नाही. बाजूला कोणी नाही. रेडिएटरचं झाकण खाली मातीत पडलेलं आणि शेजारी फडकं, ओलं. मी ते उचललं नाही. मला ते उचलवलं नाही.

थोड्या अंतरावर रस्ता दुरुस्त करणारी माणसं खडी पसरत होती. त्यांतली एक बाई आमच्याकडे आली. पाटी खाली ठेवत म्हणाली, "तुमची गाडी का? फार भाजलं हो. मीच पाणी ओतलं अंगावर. एका ट्रकवाल्याने घाटापलीकडे दवाखान्यात नेलं."

"कोणाला?" मी विचारलं. मग पुन्हा विचारलं. "कोण भाजलं?"

ती बाई माझ्याकडे बघत राहिली. तिला बहुतेक कसं सांगावं कळत नव्हतं. तिने घाम पुसला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. तेवढ्या वेळात मी काय काय कबूल केलं असतं, सांगता येत नाही.

"त्या पोरीचे वडील," ती म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला. नवरा भाजला हे ऐकून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं हे कळलं तेव्हा मला स्वतःची अशी किळस आली की मी कठड्याला धरून ओकले. भाऊजींनी माझी पाठ धरली.

दवाखाना लहान होता. दहा खाटांची एक खोली, हिरवे पडदे. मास्तर खिडकीजवळच्या खाटेवर होते. उजवा हात खांद्यापर्यंत पट्टीत, मानेवर मलम, अर्ध्या चेहऱ्यावर आणि उजव्या डोळ्यावर पट्टी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हात भरून येईल, वेळ लागेल. डोळ्याचं पट्टी काढल्यावर कळेल, परवा.

"पोर कुठे?" मी विचारलं.

"पाठवली तिला पेपराला," मास्तर म्हणाले. ओठ सुजल्यामुळे ते बोबडं बोलत होते. "त्याच ट्रकने. जात नव्हती. मी ओरडलो तिच्यावर." मास्तर कोणावर ओरडलेले मी बघितले नाहीत.

मी खाटेच्या कडेला बसले. भाऊजी पायाशी उभे राहिले.

"माझं चुकलं ना गं?" मास्तर म्हणाले. "काटा आधी जरा वर गेला होता, अर्ध्याच्या खालीच होता पण. मग एकदम खाली आला. म्हटलं छान. तू सांगितलंस तसं बघत होतो मी, डोळा हलवला नाही त्याच्यावरून. मग गाडीच बंद पडली. मला वाटलं पाणी हवं असेल. मी झाकणाला हात लावायला नको होता का?"

"दादा, माझं चुकलं," भाऊजी म्हणाले आणि त्याच वेळी मीही म्हणाले, "माझं चुकलं." दोघं एकदम बोलायला लागलो. ठिपके, रेघ, ट्रक, खणाची किल्ली. एकाने थांबायचं, दुसऱ्याने सांगायचं, हेही आम्हाला जमेना. शेवटी भाऊजी रडायला लागले आणि मी सगळं सांगून टाकलं. तीन दिवस आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो, हेही सांगितलं. कशावरून, हेही. ते सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मास्तर एका डोळ्याने छताकडे बघत ऐकत होते. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर फार बरं झालं असतं.

"झाकण ती उघडत होती," ते म्हणाले.

भाऊजींनी डोळे पुसून त्यांच्याकडे बघितलं.

"फडकं घेऊन तिने हात लावला होता. पाणी मी घालते म्हणाली. मी म्हटलं, तू नको, हात काळे होतील, पेपर लिहायचाय तुला. बाजूला केलं आणि मी धरलं." ते थांबले. सुजलेल्या ओठांवरून त्यांनी जीभ फिरवली. "तेवढ्यासाठीच. हात काळे होतील म्हणून. दुसरं काही माझ्या मनात आलं नव्हतं गं."

भाऊजी फरशीवर खाली बसले. मी खाटेची दांडी दोन्ही हातांनी धरली. पेपर एकला सुटणार होता, आणि भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते. बाहेर कोणाची पावलं वाजली की मी दाराकडे बघायचे. अजून पावणेदोन तास मला तिचा चेहरा दिसणार नव्हता.